शिक्षिकेला घडवणाऱ्याची सनद

ज्ञान कोणते घ्यावे, या प्रश्नाइतकाच ते कोणाकडून घ्यावे, हा प्रश्न इस्लामी परंपरेने महत्त्वाचा मानला आहे. ताबिईंच्या पिढीतील थोर विद्वान मुहम्मद बिन सीरीन (रह.) आपल्या शिष्यांना बजावत असत की, ही विद्या म्हणजेच धर्म होय, तेव्हा आपला धर्म आपण कोणाकडून घेत आहोत, हे प्रत्येकाने नीट पारखून घ्यावे. इमाम मुस्लिम (रह.) यांनी आपल्या हदीससंग्रहाच्या प्रस्तावनेत ही सूचना आवर्जून नोंदवली आहे. शिकवणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणे हा त्याचा अवमान नसून शिकणाऱ्याचा हक्क आहे, अशी या मागची धारणा आहे.

या धारणेच्या प्रकाशात आज एका अशा वर्गाचा विचार करावयाचा आहे, ज्याच्याकडे समाजाचे लक्ष सहसा जात नाही. तीन ते सहा वर्षांच्या बालकांना सांभाळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या अंगणवाडी सेविका व बालवाडी शिक्षिका आपल्या परिचयाच्या असतात. परंतु त्यांना शिकवणारे कोण असतात? अध्यापक महाविद्यालयांतील अधिव्याख्याते आणि प्रशिक्षण वर्गांतील प्रशिक्षक कोठून आलेले असतात? त्यांच्या पूर्वायुष्यातील कोणती गोष्ट आपण अधिकाराची खूण मानावी आणि कोणती मानू नये? वरवर पाहता हा प्रश्न प्रशासनाचा वाटतो. वस्तुतः तो अमानतीचा, म्हणजेच नैतिक प्रश्न आहे.

पाणी वरून येते

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. येथून सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वरच्या जलाशयात जाते आणि तेथून कालव्यांच्या वाटेने परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शेतांपर्यंत पोहोचते. टोकाच्या शेतकऱ्याला धरण दिसत नाही. त्याला फक्त आपल्या बांधावरची चारी दिसते. चारी कोरडी राहिली की तो पाटकऱ्याला दोष देतो. पण अनेकदा दोष वर कोठेतरी असतो.

बालशिक्षणाचेही तसेच आहे. येलदरीच्या परिसरात एखाद्या अंगणवाडीत पहिल्या दिवशी येणाऱ्या मुलांपैकी कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी दख्खनी उर्दू, तर तांड्यावरून आलेल्या कोणाच्या घरी गोरमाटी बोलली जाते. आईचा पदर सुटताच मूल रडू लागते. त्या क्षणी सेविकेने त्याला दटावावे, खाऊ देऊन गप्प बसवावे, की कडेवर घेऊन त्याच्याच बोलीतले दोन शब्द बोलावेत? तिची निवड बऱ्याच अंशी तिला कोणी, काय आणि कसे शिकवले यावर ठरते. बालकाला दिसते ती सेविका. सेविकेच्या मागे उभा असलेला प्रशिक्षक त्याला कधीच दिसत नाही. तरीही त्याच्या जाणतेपणाचे अथवा अजाणतेपणाचे फळ बालकाच्याच वाट्याला येते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वयाच्या तीन ते आठ वर्षांच्या टप्प्याला शिक्षणाचा पाया मानले आहे. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षापूर्वी होते, असे हे धोरण सांगते. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, अशी योजनाही त्यात आहे. हे प्रशिक्षण दूरचित्रवाणी व मोबाइलच्या साहाय्याने व्हावे आणि शालेय शिक्षण विभागाच्या केंद्रांनी महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष वर्ग घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. सेविकेच्या पात्रतेविषयी एवढा तपशील आहे. तिच्यासमोर उभे राहून शिकवणाऱ्याने आयुष्यात कधी बालकांचा वर्ग सांभाळलेला असावा काय, हा प्रश्न मात्र आपल्याकडील सार्वजनिक चर्चेत क्वचितच ऐकू येतो.

तीन वाटांनी आलेले प्रशिक्षक

आपल्याकडे हे प्रशिक्षक साधारणपणे तीन वाटांनी येतात. पहिली वाट बी.एड. व एम.एड. या पदव्यांची. बी.एड. हा मुख्यतः माध्यमिक शाळेच्या शिक्षकासाठी आखलेला अभ्यासक्रम आहे. इतिहास, विज्ञान किंवा भाषा या विषयांचे पाठ, पाठ टाचणे, सूक्ष्म अध्यापन अशा शिस्तीतून गेलेला हा अध्यापक अभ्यासू असतो, त्याला मानसशास्त्रातील सिद्धांत अवगत असतात. पण तीन वर्षांच्या मुलाबरोबर त्याने सलग एक महिना घालवलेला असेलच, असे नाही. प्राथमिक स्तरावरील शिक्षक घडवणाऱ्यांची स्वतःची तयारी त्या स्तरासाठी झालेली नसते, याकडे २००९ च्या शिक्षक शिक्षणाच्या राष्ट्रीय आराखड्यानेही लक्ष वेधले होते. प्राथमिकची ही स्थिती, तर पूर्वप्राथमिकची काय असेल, याची कल्पना करता येते.

दुसरी वाट गृहविज्ञान व बालविकास या विद्याशाखांची. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पूर्वीचे गृहविज्ञान आणि आताचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. त्याच्या मानव विकास विभागाला जोडून पूर्वप्राथमिक शाळा चालत आली आहे. अशा ठिकाणी शिकलेल्या व्यक्तीला बालकाची वाढ, आहार, खेळ आणि भाषा यांचा अभ्यास मुलांच्या सान्निध्यात करण्याची संधी मिळते. तिसरी वाट कामाच्या अनुभवाची: अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका आणि प्राथमिक शाळेतून केंद्रप्रमुख झालेले शिक्षक. त्यांना गाव माहीत असते, पालक माहीत असतात. पण नोंदवह्या, पोषण आहार आणि अहवाल यांच्या ओझ्याखाली त्यांचे बरेचसे आयुष्य गेलेले असते.

तिन्ही वाटांवर प्रामाणिक माणसे आहेत. येथे कोणाच्या हेतूवर शंका घ्यावयाची नाही. प्रश्न असा आहे की, या तिन्हींना जोखण्याची कसोटी कोणती असावी?

सनद या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत सनद म्हणजे अधिकारपत्र. इनामदाराला सनद मिळत असे, वकिलाला आजही मिळते. हा शब्द अरबीतून आला. हदीसशास्त्रात मात्र सनद म्हणजे कागद नव्हे, तर माणसांची साखळी होय. एखादे वचन आपल्यापर्यंत कोणी आणले, त्याने ते कोणाकडून ऐकले, त्या आधीच्याने कोणाकडून, असे करत ती साखळी आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापर्यंत पोहोचावी लागते. या साखळीतील प्रत्येक माणसाचा, म्हणजे रावीचा, जीवनवृत्तांत तपासण्यासाठी मुस्लिम विद्वानांनी ‘अस्माउर्रिजाल’ नावाचे स्वतंत्र शास्त्र उभे केले. हजारो रावींचा जन्म, मृत्यू, प्रवास, गुरू, शिष्य, स्मरणशक्ती आणि चारित्र्य यांची नोंद त्यात आहे. शिकवणाऱ्यांच्या पार्श्वभूमीचा इतका काटेकोर विचार जगाच्या इतिहासात क्वचितच झाला असेल.

या शास्त्राने रावीबद्दल मुख्यतः तीन प्रश्न विचारले. पहिला, तो सचोटीचा आहे काय? याला ‘अदालत’ म्हणतात. दुसरा, जे ऐकले ते अचूक जपण्याची त्याची क्षमता आहे काय? याला ‘ज़ब्त’ म्हणतात. तिसरा, साखळी अखंड आहे काय? म्हणजे ज्याच्याकडून आपण ऐकले असे तो सांगतो, त्याच्याशी त्याची खरोखर गाठ पडली होती काय? इमाम बुखारी (रह.) या तिसऱ्या प्रश्नाबाबत विशेष काटेकोर होते. दोन माणसे एकाच काळात जगली, एवढे त्यांना पुरेसे वाटत नसे. त्यांची भेट झाल्याचा पुरावा ते मागत. साखळीतील एक कडी निसटलेली असेल, तर रावी कितीही विद्वान असो, ती सनद तुटकच समजली जाई.

हदीसची कसोटी जशीच्या तशी प्रशिक्षण महाविद्यालयाला लावता येणार नाही, हे उघड आहे. प्रेषितवचनाची पवित्रता वेगळी आणि बालसंगोपनाची विद्या वेगळी. तथापि तिच्यातील विवेक आपण घेऊ शकतो. जो प्रशिक्षक बालकाविषयी बोलतो, तो बालकाच्या वतीने साक्ष देत असतो. अशा साक्षीदाराला पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की, आपली बालकाशी भेट झाली होती काय? पुस्तकातील बालकाशी नव्हे, तर नाक गळणाऱ्या, हट्ट करणाऱ्या, एकाच गोष्टीसाठी दहादा ‘का’ विचारणाऱ्या, भुकेलेल्या, झोपेला आलेल्या खऱ्या बालकाशी? ही भेट झालेली नसेल, तर भिंतीवर टांगलेली सनद कितीही मोठी असो, साखळीतील सनद तुटलेली आहे.

आदरणीय प्रेषित (स.) यांच्या जीवनात ही भेट पदोपदी दिसते. नमाज़ पढवत असताना मागे एखाद्या बालकाचे रडणे कानी आले, तर त्याच्या आईची घालमेल ओळखून ते नमाज़ संक्षिप्त करीत. नात उमामा (र.) हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज़ अदा केली. अबू उमैर या छोट्या मुलाने पाळलेला पक्षी मेला, तेव्हा त्यांनी त्याच्याजवळ जाऊन त्या पक्ष्याची विचारपूस केली. दिव्य कुरआनात ‘रब्बानी’ होण्याचा आदेश आहे (३:७९). या शब्दाचा एक अर्थ इमाम बुखारी (रह.) यांनी नोंदवला आहे: जो लोकांना मोठ्या ज्ञानाआधी लहान ज्ञान देत देत वाढवतो, तो रब्बानी. लहानापासून सुरुवात करणे हे कमी प्रतीचे काम आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी या अर्थावर मनन करावे.

बोर्डी आणि कोसबाड

महाराष्ट्रात बालशिक्षिका घडवणाऱ्यांचा इतिहास पाहिला, तर ही कसोटी किती उपयोगाची आहे ते कळते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका यांच्या हाती जी सनद होती, ती वकिलीची होती. मुलगा झाल्यावर त्याला कसे वाढवावे, या विचाराने ते मारिया माँटेसरींच्या ग्रंथांकडे वळले आणि मग वर्षानुवर्षे मुलांमध्ये बसून शिकले. स्वतः माँटेसरी पेशाने डॉक्टर होत्या. रोमच्या गरीब वस्तीत १९०७ मध्ये त्यांनी पहिले बालगृह उघडले आणि मुलांचे निरीक्षण करता करता आपली पद्धत बांधली. १९३९ पासून काही वर्षे भारतात राहून त्यांनी येथील शिक्षकांनाही प्रशिक्षण दिले.

ताराबाई मोडक यांची पार्श्वभूमी या दोघांहून निराळी. १८९२ मध्ये जन्मलेल्या ताराबाईंनी १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि राजकोटच्या महिला प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. मान, पद आणि वेतन सर्व काही त्यांच्याजवळ होते. तरीही ते सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात शिकण्यासाठी आणि काम करण्यासाठी गेल्या. शिक्षिकांना शिकवणाऱ्या प्राचार्येने मुलांमध्ये जमिनीवर येऊन बसणे, ही या इतिहासातील सर्वांत बोधप्रद घटना आहे, असे मला वाटते. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या कामात आणि शिक्षिकांच्या प्रशिक्षणात त्या अग्रभागी राहिल्या.

१९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी शहर सोडून त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी हे गाव निवडले. तेथे त्यांना अनुताई वाघ यांची साथ लाभली. अनुताईंचा जन्म १९१० मधला. तेराव्या वर्षी विवाह आणि अवघ्या काही महिन्यांत वैधव्य. त्यानंतर त्या शिक्षिका झाल्या, नोकरी करीत रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या, आणि विद्यापीठाची पदवी त्यांनी पन्नाशीच्या सुमारास घेतली. म्हणजे ज्या काळात त्या बालसेविकांना घडवत होत्या, त्यातील मोठा काळ त्यांच्याजवळ पदवी नव्हती. आजच्या नियमांनुसार त्यांना अशा महाविद्यालयात अध्यापक म्हणून अर्जही करता आला नसता.

या दोघींनी बोर्डीत काय केले, हे पाहण्यासारखे आहे. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालण्यापासून आणि केस विंचरण्यापासून काम सुरू झाले. माँटेसरींची महागडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शिंपले, पाने आणि खडे हीच साधने झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची सांगड घालणारी विकासवाडी उभी राहिली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला. पण त्यांचा अधिकार सन्मानातून आलेला नव्हता. त्या सेविकांना जे सांगत, ते आधी त्यांच्या हातांनी केलेले असे. आपण जे करीत नाही ते सांगणे अल्लाहला अत्यंत अप्रिय आहे, अशी ताकीद सूरह अस्सफ़च्या आरंभी (६१:२-३) ईमानधारकांना दिली आहे. तिचा रोख प्रथम श्रद्धेच्या दाव्यांकडे असला, तरी शिकवणाऱ्याने ती स्वतःला लावून पाहणे हिताचेच ठरेल.

केवळ अनुभव पुरेसा आहे काय?

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. मुलांमध्ये आयुष्य घालवलेली व्यक्ती चांगली प्रशिक्षक असतेच काय? चाळीस वर्षे छडीच्या धाकाने वर्ग शांत ठेवणाऱ्याचा अनुभवही चाळीस वर्षांचाच असतो. चार वर्षांच्या मुलाकडून दिवसभर बाराखडी गिरवून घेणारी शिक्षिका मुलांच्या अगदी जवळ असते. पण तिने मूल पाहिलेले नसते. अनुभव चुकीच्या सवयीलाही दृढ करतो.

हदीसशास्त्राने या आक्षेपाचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. इमाम मालिक (रह.) यांनी मदीनेतील अशा कित्येक सत्पुरुषांकडून हदीस घेतली नाही, ज्यांच्या धर्मनिष्ठेविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती, कारण ते त्या विद्येचे जाणकार नव्हते. सचोटी होती, सहवास होता, पण अचूकता नव्हती. यावरून पदवीचे खरे स्थान कळते. सुव्यवस्थित अभ्यास माणसाला आपल्या अनुभवाकडे तटस्थपणे पाहण्यास शिकवतो, एका मुलावरून सर्व मुलांविषयी निष्कर्ष काढण्यापासून रोखतो, आणि आपल्या आईने किंवा गुरुजींनी केले तेच योग्य, या समजुतीला प्रश्न विचारतो. इमाम ग़ज़ाली (रह.) यांनी बालकाच्या मनाला घडणीची वाट पाहणाऱ्या अनमोल रत्नाची उपमा दिली आणि मकतबनंतर मुलाला खेळू द्यावे, अन्यथा त्याचे मन मरून बुद्धी मंद होते, असे प्रतिपादिले. इब्ने ख़लदून (रह.) यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुक़द्दिमा’त दाखवून दिले की, कठोरपणे वाढवलेले मूल खोटे बोलणे आणि कपट करणे शिकते, कारण शिक्षेपासून वाचण्याचा तोच एक मार्ग त्याला उरतो. हे नुसते मुलांमध्ये वावरल्याने सुचत नाही. त्यासाठी पाहिलेल्याचा विचार करावा लागतो.

त्याच इब्ने ख़लदून यांनी अध्यापनाला एक कसब मानले आहे. कसब वारंवार हाताळल्यानेच अंगी मुरते. त्या मुरलेल्या क्षमतेला ते ‘मलका’ म्हणतात, आणि ती जाणकारांच्या प्रत्यक्ष सहवासात अधिक पक्की होते, असे सांगतात. सुतारकामाचे पुस्तक पाठ करणारा सुतार होत नाही आणि रंधा मारता मारता डोळे मिटून घेणाराही चांगला सुतार होत नाही. ज्ञान आणि सहवास दोन्ही हवेत. दोहोंपैकी एक नसेल, तर उरलेले दुसरे त्याची भरपाई करू शकत नाही.

कोणती पार्श्वभूमी विचारू नये

पार्श्वभूमी तपासावी म्हटले की, आपल्या समाजात दुसराच धोका उभा राहतो. माणसाचे कूळ, जात, पंथ, भाषा यांची चौकशी सुरू होते. या बाबतीत सीरतमधील एक प्रसंग दिशा दाखवतो. बद्रच्या युद्धात जे कुरैश कैदी हाती आले, त्यांपैकी ज्यांच्याजवळ खंडणी देण्यास धन नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांच्यासाठी प्रेषित (स.) यांनी असे ठरवले की, त्यांनी मदीनेतील मुलांना लिहिणे शिकवावे आणि मुक्त व्हावे. प्रत्येकाकडे दहा मुले सोपवल्याचे सीरतच्या ग्रंथांत आले आहे. कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभा असलेला माणूस मुस्लिम मुलांचा शिक्षक झाला; कारण जे शिकवायचे होते ते त्याला येत होते. त्याच्या श्रद्धेने त्याचे कसब रद्द केले नाही.

विसाव्या शतकातही असेच एक उदाहरण आहे. जर्मनीतील ज्यू कुटुंबात जन्मलेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न १९३० च्या दशकाच्या आरंभी दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात आल्या. बर्लिनमध्ये शिकत असताना डॉ. ज़ाकिर हुसैन यांच्याशी त्यांची ओळख झाली होती. जामियातील बालकांच्या शिक्षणाला त्यांनी स्वतःला वाहून घेतले. मुले त्यांना ‘आपाजान’ म्हणत. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि जामियाच्याच भूमीत त्यांना दफन करण्यात आले. कोण कोठून आले, हा प्रश्न जामियाच्या मुलांना पडला नाही. त्यांना आपल्यासाठी वेळ असलेली आपाजान ठाऊक होती.

तेव्हा प्रशिक्षकाला विचारण्याचे प्रश्न मोजकेच आहेत: आपण सचोटीने काम करता काय, आपल्याला विषय नीट येतो काय, आणि आपण बालकांमध्ये राहिला आहात काय? याखेरीज कुळाची आणि पंथाची चौकशी ही अन्यायाची सुरुवात होय.

ताईंचे मोल

अन्यायाची आणखी एक बाजू आहे. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हापासून अर्धशतक लोटले. या काळात अनेक अंगणवाडी ताईंनी आपल्या गावातील दोन-दोन पिढ्या वाढवल्या. कोणते मूल का बोलत नाही, कोणाच्या घरी काय घडले आहे, रडणाऱ्याला कोणत्या गाण्याने शांत करावे, हे त्या जाणतात. त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन. प्रशिक्षण वर्गात त्या कायम श्रोत्यांच्या सतरंजीवर बसतात. समोरच्या खुर्चीवर बसण्याची पाळी त्यांच्यावर क्वचितच येते. माननीय शुऐब (अ.) यांनी आपल्या लोकांना मापे पुरती भरण्याची आणि लोकांच्या वस्तूंचे मोल कमी न करण्याची शिकवण दिली होती (७:८५). धान्याच्या मापाला लागू असलेली ही शिकवण माणसाच्या अनुभवाला लागू नाही, असे कोण म्हणेल?

यावर तोडगा म्हणून पदवीधारकाला हटवून ताईंना त्याच्या जागी बसवावे, असे नव्हे. तोडगा सूरह अल्-कहफ़मधील माननीय मूसा (अ.) यांच्या प्रवासात सापडतो (१८:६०-८२). ते थोर प्रेषित होते, त्यांच्याजवळ ईशग्रंथ होता. तरीही आपल्याजवळ नसलेले ज्ञान दुसऱ्या एका दासाजवळ आहे, हे कळताच ते दूरचा प्रवास करून त्याच्याकडे गेले आणि आपल्याला शिकवण्याची विनंती त्यांनी नम्रतेने केली. उत्तर मिळाले की, तुम्हाला धीर धरवणार नाही. ज्याला पूर्वीपासून पुष्कळ माहीत असते, त्याला पुन्हा विद्यार्थी होणे किती जड जाते, याचे हे मर्मभेदक चित्रण आहे. एम.एड. झालेल्या अधिव्याख्यात्याने जिंतूर तालुक्यातील एखाद्या अंगणवाडीत जाऊन, वही मिटून, चार आठवडे ताईंच्या शेजारी बसावे. त्याला तेथे धीराचीच परीक्षा द्यावी लागेल. आणि मग त्याने जे वाचले आहे ते ताईंना सांगावे; कारण तिच्या जाणतेपणाला नाव आणि कारण देण्याचे काम त्याचे आहे. असे झाले तर दोघांची सनद पूर्ण होईल.

आपले मकतब

इतरांना जाब विचारताना आपण आपल्या घरात डोकावले नाही, तर आपल्या बोलण्याला वजन राहणार नाही. आपल्या वस्त्यांमधील मकतबांत चार-पाच वर्षांची मुले कायदा शिकण्यासाठी येतात. त्यांना शिकवणारे मौलवी आणि हाफ़िज़ साहेब निष्ठेने, अल्प वेतनावर काम करतात. परंतु त्यांना फ़िक़्ह शिकवले गेले, तजवीद शिकवली गेली. लहान मुलाचे मन कसे चालते, हे त्यांना कोणी शिकवले? ज्या उस्तादांनी त्यांना घडवले, त्यांनी स्वतः लहान मुलांना शेवटचे केव्हा शिकवले होते? मोठ्या ग्रंथाचे अध्यापन हा सन्मान आणि कायदा शिकवणे ही सुरुवातीची, नाइलाजाची नोकरी, असा क्रम आपण मनोमन लावून टाकला आहे. त्याचा परिणाम असा की, कुरआनशी मुलाची पहिली ओळख प्रेमाने होणार की भीतीने, हे योगायोगावर सोडले जाते. ज्या मुलाला अलिफ़ शिकताना मार बसला, त्याचा हात पुढे आयुष्यभर ग्रंथाकडे जाताना थबकू शकतो. या नुकसानीचा हिशेब कोणत्याही अहवालात येत नाही. अल्लाहकडे तो असणार.

मकतब चालवणाऱ्या विश्वस्तांनी दोन गोष्टी सहज कराव्यात. लहान मुलांसाठी मुअल्लिम निवडताना त्याच्या फ़राग़तच्या प्रमाणपत्राबरोबर त्याचे मुलांशी वागणे एक आठवडा पाहावे. आणि गावातील अनुभवी अंगणवाडी ताईंना, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, वर्षातून काही दिवस मुअल्लिमांशी बोलण्यासाठी मानाने बोलवावे. बद्रच्या कैद्यांकडून मदीनेची मुले शिकू शकली, तर आपल्याच गावच्या ताईंकडून शिकण्यात आपल्याला संकोच कसला?

अमानत

अमानती ज्यांच्या त्यांच्या स्वाधीन करा, असा अल्लाहचा स्पष्ट आदेश आहे (४:५८). अमानत नष्ट होणे म्हणजे काय, असे विचारले असता प्रेषित (स.) यांनी जी खूण सांगितली ती अशी की, कामे अपात्र लोकांच्या हाती सोपवली जातील. पात्रता म्हणजे केवळ कागद असे मानणाराही या अमानतीत कसूर करतो, आणि कागदाची गरजच नाही असे म्हणणाराही.

म्हणून प्रशिक्षण महाविद्यालयांच्या चालकांनी अध्यापक निवडताना बालकांच्या वर्गातील प्रत्यक्ष कामाची अट घालावी. प्रत्येक महाविद्यालयाला लागून एक चालती बालवाडी असावी आणि अध्यापकांनी दरवर्षी काही दिवस तेथे स्वतः शिकवावे. अनुभवी ताईंना सहप्रशिक्षक म्हणून योग्य मोबदल्यासह स्थान द्यावे. ज्या अध्यापकांना हे जड वाटेल, त्यांनी ताराबाईंचे स्मरण करावे. प्राचार्यपद सोडून मुलांमध्ये बसल्याने त्यांची प्रतिष्ठा कमी झाली नाही. आणि आपण पालकांनी मुलाला अंगणवाडीत अथवा मकतबात सोडताना इमारतीचा रंग आणि माध्यम विचारण्याआधी एवढे विचारावे की, येथे शिकवणाऱ्यांना कोणी शिकवले?

बालक स्वतः हा प्रश्न विचारू शकत नाही. त्याच्या वतीने तो विचारणे आपले कर्तव्य आहे, कारण प्रत्येकजण आपल्या कळपाचा राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या कळपाविषयी जाब द्यावयाचा आहे. अल्लाह आपल्याला अमानत ओळखण्याची दृष्टी, शिकवण्याआधी शिकण्याची नम्रता आणि लहानांविषयी दयाभाव प्रदान करो. आमीन.